टेबलची एरर आली की आधी विचारा: कोणत्या टेबलची?

प्रश्न थोडक्यात असा: एसएपी ईआरपी (कंपनीचे व्यवहार सांभाळणारी सिस्टीम) आहे, खाली ओरॅकलचा डेटाबेस. एक ट्रान्सपोर्ट (डेव्हलपमेंटमधले बदल पुढे नेणारं गाठोडं) प्रॉडक्शनला, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाच्या सिस्टीमला, गेल्यापासून एका झेड टेबलवर (कंपनीने स्वतः बनवलेलं टेबल) डंप पडतोय, म्हणजे प्रोग्रॅम एरर देऊन मधेच बंद पडतो. एसई११ मध्ये (टेबलची व्याख्या दाखवणारी स्क्रीन) टेबल व्यवस्थित दिसतं, नवं फील्डही दिसतं, पण डेटाबेस म्हणतो असं फील्डच नाही. त्याच टेबलवर अधूनमधून ‘ड्युप्लिकेट की’चा, म्हणजे ओळीची ओळख ठरवणारी की दोनदा आल्याचा, डंपही येतो. टेबल डिलीट करून पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट केलं तर चालेल का?

नाही चालणार. निदान प्रॉडक्शनमध्ये तरी नाही. आणि या दोन वेगळ्या एरर आहेत; टेबल एकच आहे म्हणून कारणही एकच असेल असं समजू नका.

ईआरपीमधल्या एका टेबलच्या खरं तर तीन प्रती असतात. पहिली डिक्शनरीतली व्याख्या, जी एसई११ दाखवतं. दुसरी रनटाइम ऑब्जेक्ट, म्हणजे नेमटॅब. प्रोग्रॅम चालताना टेबलचा आकार इथून वाचला जातो. तिसरी डेटाबेसमधलं खरंखुरं टेबल, जिथे डेटा पडलेला असतो. तिन्ही जुळल्या तर सगळं सुरळीत. ‘टेबल नाही’, ‘फील्ड नाही’ या जातीच्या जवळजवळ सगळ्या एरर या तिघांमधल्या फटीतून येतात. एसई११ मध्ये फील्ड दिसलं म्हणजे पहिली प्रत ठीक आहे, एवढंच सिद्ध होतं. डेटाबेसमध्ये काय आहे ते त्यावरून कळत नाही.

म्हणून कशालाही हात लावण्याआधी डंप नीट वाचा. एसटी२२ मध्ये (डंपची यादी) तो उघडला की बहुतेक जण वरचं नाव वाचून थांबतात. ते नाव, म्हणजे डीबीएसक्यूएल_एसक्यूएल_एरर किंवा जुन्या रिलीजमधलं डीबीआयएफ_आरएसक्यूएल_एसक्यूएल_एरर, फक्त ‘डेटाबेसने नकार दिला’ एवढंच सांगतं. कामाची ओळ खाली असते: डेटाबेसने दिलेला कोड आणि त्याचा मजकूर. त्यासोबत टेबलचं नाव, क्लायंट (एकाच सिस्टीममधला स्वतंत्र डेटाचा विभाग), युजर, वेळ, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आणि प्रोग्रॅममधली ओळ टिपून घ्या. मग त्याच मिनिटाचा एसएम२१ चा लॉग, म्हणजे सिस्टीमच्या घडामोडींची नोंद, पाहा. एकाच वेळी दहा वेगवेगळ्या टेबलांवर एरर दिसली तर दोष टेबलचा नाही, खालच्या डिस्कचा, कनेक्शनचा किंवा जागेचा आहे. एकाच सर्व्हरवर एरर येते आणि दुसऱ्यावर नाही, असं असेल तर संशय बफरवर, म्हणजे त्या सर्व्हरच्या मेमरीतल्या प्रतीवर, घ्या.

फील्ड नाही, टेबल नाही

ओरॅकलवर ओआरए-००९०४ म्हणजे फील्ड सापडत नाही, ओआरए-००९४२ म्हणजे टेबल किंवा व्ह्यू सापडत नाही. एसक्यूएल सर्व्हरवर हेच अनुक्रमे २०७ आणि २०८ म्हणून येतं. ९४२ बद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: टेबल आहे पण तुमच्या युजरला ते वाचायचा हक्क नाही, तरीही ओरॅकल ‘अस्तित्वात नाही’ असंच म्हणतो. त्यामुळे बाहेरचं एखादं रिपोर्टिंग टूल वेगळ्या डेटाबेस युजरने जोडलेलं असेल आणि तिथे ९४२ येत असेल, तर टेबल शोधत बसू नका. स्कीमाचं नाव आणि हक्क तपासा.

तुमच्या बाबतीत ९०४ आहे. एसई११ मध्ये टेबलचं नाव टाका, युटिलिटीज मेनूतून ‘डेटाबेस ऑब्जेक्ट’ची तपासणी चालवा, मग ‘रनटाइम ऑब्जेक्ट’ची. पहिली तपासणी डिक्शनरी आणि डेटाबेस जुळतात का ते सांगते, दुसरी डिक्शनरी आणि नेमटॅब. फील्डचं नाव, प्रकार, लांबी, क्रम, इंडेक्स, सगळं त्यात येतं. पहिल्या तपासणीत तफावत निघाली की ट्रान्सपोर्टचा लॉग उघडा. रिटर्न कोड ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक, १२ म्हणजे काम मधेच तुटलं. अनेक ठिकाणी ८ आला तरी ‘बाकीचं गेलं ना’ म्हणून पुढे जातात. टेबल बदलणाऱ्या ट्रान्सपोर्टमध्ये ही सवय महागात पडते, कारण नव्या फील्डवर लिहिलेला प्रोग्रॅम इम्पोर्ट होतो आणि फील्ड मात्र खाली तयार झालेलं नसतं.

फील्ड का तयार झालं नसेल? नेहमीचं कारण साधं असतं. शेवटी फील्ड जोडायला डेटाबेसला एक ‘ऑल्टर टेबल’ पुरतं, पण त्यासाठी क्षणभर का होईना, टेबलवर पूर्ण ताबा लागतो. त्या वेळी एखादा जॉब त्याच टेबलवर लिहीत असेल तर ओआरए-०००५४ येतो, म्हणजे ‘रिसोर्स बिझी’, आणि बदल राहून जातो. ट्रान्सपोर्टच्या लॉगमध्ये हा कोड शोधा. सापडला तर इलाज सोपा आहे: त्या टेबलवर लिहिणारे जॉब थांबवा, टेबल मोकळं असल्याची खात्री करा आणि एसई१४ मधून (डेटाबेसमधलं टेबल व्याख्येशी जुळवणारी स्क्रीन) ‘अ‍ॅक्टिव्हेट अँड अ‍ॅडजस्ट डेटाबेस’ चालवा.

आता इथे जरा थांबा. त्या बटणाशेजारी दोन पर्याय असतात: ‘सेव्ह डेटा’ आणि ‘डिलीट डेटा’. दुसरा निवडला तर टेबल पाडून रिकामं बांधलं जातं आणि आतला डेटा जातो. प्रॉडक्शनमध्ये एसई१४ चालवताना दुसऱ्या माणसाने स्क्रीनवर नजर टाकेपर्यंत बटण दाबू नये. हा नियम बालिश वाटतो, पण बॅकअपवरून एकच टेबल परत आणणं किती किचकट असतं हे ज्यांनी केलंय ते हसणार नाहीत.

फील्ड आलं, एरर गेली, तरी एक गोष्ट मागे उरते आणि ती डंप पाडत नाही, म्हणून जास्त फसवी. नवं फील्ड जोडताना व्याख्येत ‘इनिशियल व्हॅल्यूज’च्या रकान्यात टिक नसेल, तर जुन्या ओळींमध्ये त्या फील्डची किंमत ‘नल’ राहते. एसई१६ मध्ये (टेबलमधल्या ओळी दाखवणारी स्क्रीन) ती कोरीच दिसते. पण प्रोग्रॅमने ‘फील्ड बरोबर स्पेस’ अशी अट घातली की या जुन्या ओळी निवडल्याच जात नाहीत, कारण डेटाबेसच्या लेखी नल म्हणजे कोरं नव्हे. मग नव्या नोंदी रिपोर्टमध्ये येतात, जुन्या गायब होतात आणि सगळे प्रोग्रॅमरला धारेवर धरतात. अटीत ‘इज नल’ जोडा, किंवा एकदाच छोटा प्रोग्रॅम चालवून जुन्या ओळींत इनिशियल किंमत भरा.

कन्व्हर्जन अर्धवट लटकलं असेल तर

फील्ड शेवटी जोडणं, कॅरेक्टर फील्डची लांबी वाढवणं हे सहसा जागच्या जागी होतं. पण फील्ड काढलं, लांबी कमी केली, प्रकार बदलला किंवा की बदलली की सिस्टीम कन्व्हर्जन करते, म्हणजे नवं टेबल बांधून डेटा त्यात हलवते. हे नेमकं कसं चालतं ते माहीत असेल तर लटकलेलं टेबल पाहून हातपाय गळत नाहीत.

आधी टेबलवर कुलूप पडतं. मग जुन्या टेबलचं नाव बदलून पुढे क्यूसीएम लागतं आणि त्यावरचे इंडेक्स पाडले जातात. नव्या रचनेचं टेबल क्यूसीएम८ या नावाने तयार होतं. जुन्यातला डेटा एकेक ओळ करून, फील्डच्या नावानुसार, नव्यात भरला जातो. भरून झालं की क्यूसीएम८ ला मूळ नाव मिळतं, दुय्यम इंडेक्स आणि व्ह्यू पुन्हा बांधले जातात, जुनं टेबल पाडलं जातं आणि कुलूप निघतं.

यातून दोन गोष्टी सरळ निघतात. एक, या काळात डेटा दोनदा साठवलेला असतो. ६० जीबीच्या टेबलला कन्व्हर्जनसाठी आणखी जवळपास तेवढीच मोकळी जागा हवी, शिवाय इंडेक्स बांधायला वेगळी. दोन, मधे काम तुटलं तर मूळ नावाचं टेबल डेटाबेसमध्ये नसतंच. तेव्हा येणारी ‘टेबल अस्तित्वात नाही’ ही एरर पाहून कुणीतरी घाईने एसई११ मधून ते नवं तयार करतं, आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. डेटा क्यूसीएममध्ये सुखरूप असतो. त्याला हात न लावणं हेच पहिलं काम.

एसई१४ मध्ये टेबलचं नाव टाकल्यावर रीस्टार्ट लॉग असल्याचा संदेश आला तर कन्व्हर्जन अर्धवट आहे असं समजा. आधी विश्लेषणाचा पर्याय वापरून काम कोणत्या पायरीला थांबलं ते पाहा, मग तुटण्याचं कारण दूर करा. जागा संपली असेल तर जागा द्या. जॉब कुणी मारला असेल तर विषयच नाही. डेटा बसत नसेल, उदाहरणार्थ कॅरेक्टर फील्ड अंकी केलं आणि एखाद्या ओळीत अक्षर निघालं, तर त्या ओळी शोधून निस्तराव्या लागतात. त्यानंतरच ‘कंटिन्यू अ‍ॅडजस्टमेंट’. ‘अनलॉक टेबल’ हे बटण शेजारीच असतं आणि मोहात पाडतं. ते कुलूप काढतं, पण रीस्टार्टची माहितीही घेऊन जातं. मग पुढचं सगळं हाताने करायची वेळ येते. डेटा कुठे आहे, किती आहे, हे डेटाबेसमध्ये मोजून पक्कं झालेलं नसेल तर ते बटण दाबू नका.

की लहान करताना आणखी एक सापळा आहे. समजा कीमध्ये दस्त क्रमांक, वर्ष आणि ओळ क्रमांक होते आणि वर्ष काढून टाकलं. २०२२ मधला आणि २०२३ मधला एकाच क्रमांकाचा दस्त आता एकाच कीवर येतो. कन्व्हर्जन त्यातली एकच ओळ ठेवतं, आणि कोणती ते तुमच्या हातात नसतं. एरर येत नाही. म्हणून कन्व्हर्जनच्या आधी आणि नंतर ओळी मोजून आकडे लिहून ठेवणं सक्तीचं धरा. आणि आधीच नव्या कीनुसार गट करून, एकापेक्षा जास्त ओळी असलेले गट किती ते बघा. शून्य आले तरच पुढे जा.

मोठं कन्व्हर्जन डायलॉगमध्ये, म्हणजे स्क्रीन उघडी ठेवून, चालवू नका. एसई१४ मध्ये बॅकग्राउंडचा पर्याय आहे, तोच घ्या. त्याआधी जुना डेटा अर्काइव्ह किंवा साफ करता आला तर करा. अर्धा डेटा म्हणजे साधारण अर्धा वेळ.

ड्युप्लिकेट की

आता तुमची दुसरी एरर. ओरॅकलवर ओआरए-००००१, एसक्यूएल सर्व्हरवर प्रायमरी कीसाठी २६२७ आणि युनिक इंडेक्ससाठी २६०१. या दोनमधला फरक उपयोगाचा आहे: प्रायमरी की तपासून काही सापडलं नाही तर टेबलवर एखादा दुय्यम युनिक इंडेक्स आहे का ते पाहा. बऱ्याचदा तो कुणीतरी वेग वाढवायला म्हणून टाकलेला असतो आणि युनिकची टिक चुकून राहिलेली असते.

एकेक ओळ इन्सर्ट करणारा प्रोग्रॅम ड्युप्लिकेटवर डंप टाकत नाही, त्याला रिटर्न कोड ४ मिळतो. डंप पडतो तो इंटर्नल टेबलमधून (प्रोग्रॅमच्या मेमरीतलं तात्पुरतं टेबल) एकगठ्ठा इन्सर्ट करताना. त्यावर ‘अ‍ॅक्सेप्टिंग ड्युप्लिकेट कीज’ लिहून डंप बंद करता येतो, किंवा इन्सर्टऐवजी मॉडिफाय वापरता येतं. दोन्ही उपाय मला नापसंत आहेत. पहिल्यात नवी ओळ गुपचूप टाकून दिली जाते, दुसऱ्यात जुनी ओळ गुपचूप पुसली जाते. दोन्हींत एरर जाते आणि डेटा चुकतो. आधी एकच की दोनदा का आली ते शोधा.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण नंबर रेंज, म्हणजे नव्या दस्तांना क्रमांक वाटणारी सोय. समजा टेबलमधला सर्वांत मोठा क्रमांक ००००४५१८७३ आहे आणि एसएनआरओमध्ये (नंबर रेंजची स्क्रीन) त्या इंटरव्हलची, म्हणजे क्रमांकांच्या पट्ट्याची, चालू पातळी ००००४५१२०० दाखवते. सिस्टीम पुढचा क्रमांक ४५१२०१ देते, तो टेबलमध्ये आधीच बसलेला असतो, आणि डंप. असे ६७३ क्रमांक रांगेत आहेत.

इथे एक लक्षण बारकाईने पाहण्यासारखं आहे. नंबर रेंज मेमरीत बफर केलेली असेल तर डंप पडला तरी दिलेला क्रमांक खर्च होतो. पुढच्या वेळी पुढचा मिळतो. त्यामुळे युजर चिडून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, कधीतरी ४५१८७४ वर पोचतो आणि एरर ‘आपोआप’ जाते. बफर नसेल तर क्रमांक वाढल्याची नोंद त्याच व्यवहाराबरोबर मागे फिरते आणि प्रत्येक वेळी त्याच क्रमांकावर आपटतं. म्हणजे ‘अधूनमधून येते’ आणि ‘सतत येते’ यातला फरक बफरिंगमधून निघू शकतो.

पातळी मागे जाते कशी? नंबर रेंजचे इंटरव्हल डेव्हलपमेंटमधून ट्रान्सपोर्ट केले की त्यांच्यासोबत तिथली पातळीही येते आणि प्रॉडक्शनच्या पातळीवर बसते. म्हणून इंटरव्हल ट्रान्सपोर्ट करू नयेत, प्रत्येक सिस्टीममध्ये हाताने बनवावेत. तुमच्या ट्रान्सपोर्टमध्ये फील्डसोबत नंबर रेंजही गेली का ते ऑब्जेक्टच्या यादीत तपासा. दोन्ही एरर एकाच दिवसापासून येत असतील तर मला तरी हीच शक्यता जास्त वाटते. दुसरा मार्ग म्हणजे मायग्रेशन: जुना डेटा त्याच रेंजमधले क्रमांक देऊन थेट भरला, पण पातळी पुढे सरकवली नाही.

दुरुस्ती अशी. दस्त बनवणारे युजर आणि इंटरफेस थांबवा. टेबलमधला कमाल क्रमांक काढा. इथे सांभाळा: हे कॅरेक्टर फील्ड असतं, म्हणून तुलना मजकुराची होते. पुढची शून्यं नसतील तर ‘९’ हा ‘१०’ पेक्षा मोठा ठरतो. बाहेरून दिलेले अक्षरी क्रमांक असतील तर कमाल म्हणून तेच वर येतील. कमाल फक्त त्याच इंटरव्हलच्या सीमेत काढा, आणि रेंज वर्षानुसार किंवा कंपनी कोडनुसार वेगळी असेल तर त्याच वर्षाची, त्याच कोडची ओळ पाहा. पातळ्या एनआरआयव्ही टेबलमध्ये वाचता येतात. मग एसएनआरओमधून पातळी ४५१८७३ करा, आणि बफर असेल तर एसएम५६ मधून प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचा बफर रिकामा करा. नाहीतर मेमरीत उरलेले जुने क्रमांक वाटले जात राहतात. एनआरआयव्ही थेट एसक्यूएलने बदलू नका. कायद्याने सलग क्रमांक लागणाऱ्या दस्तांत पातळी ‘जरा पुढे’ ढकलून देण्याचा शॉर्टकटही नको, पडलेली फट पुढे समजावून सांगावी लागते.

नंबर रेंज ठीक निघाली तर उरतात ती कारणं: इंटरफेसने उत्तर वेळेत आलं नाही म्हणून तोच संदेश दुसऱ्यांदा पाठवला, इन्सर्ट करायच्या इंटर्नल टेबलमध्येच एक ओळ दोनदा आहे, किंवा मटेरिअल क्रमांक एकीकडे पुढच्या शून्यांसह आणि दुसरीकडे शून्यांशिवाय आल्याने ‘आधीच आहे का’ ही तपासणी फसली. शेवटचं कारण शोधायला एसटी०५ चा ट्रेस (डेटाबेसला गेलेल्या आज्ञांची नोंद) लावा आणि डेटाबेसला नेमकी कोणती किंमत गेली ते डोळ्यांनी पाहा.

डंप अपडेटमध्ये (बदल मागाहून डेटाबेसमध्ये लिहिण्याचा टप्पा) पडला असेल तर एसएम१३ मध्ये अडकलेल्या नोंदी असतील. कारण दूर झाल्यावर त्या पुन्हा चालवता येतात. पण आधी युजरला विचारा की तोच दस्त त्याने पुन्हा टाकला का. टाकला असेल आणि तुम्ही अपडेटही पुन्हा चालवलं, तर एकच माल दोनदा जमा झालेला दिसेल.

बाकीच्या एरर, थोडक्यात

जागा संपली की ओआरए-०१६५३ टेबलसाठी आणि ०१६५४ इंडेक्ससाठी येतो. ‘ऑटोएक्स्टेंड चालू आहे, मग जागा कशी संपली?’ हा ठरलेला प्रश्न. ८ केबीच्या ब्लॉकवर साधी डेटाफाइल साधारण ३२ जीबीच्या पुढे वाढूच शकत नाही. डिस्कवर कितीही जागा असो, नवी फाइल जोडावी लागते. एसक्यूएल सर्व्हरवर ११०५ म्हणजे डेटाची जागा संपली, ९००२ म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग भरला. लॉग का रिकामा होत नाही हे सिस.डेटाबेसेसमधला ‘लॉग रीयूज वेट’चा रकाना सांगतो: लॉगचा बॅकअप झाला नाही, किंवा एखादा व्यवहार तासन्‌तास उघडा आहे. लॉगची फाइल पुसणं हा उपाय नव्हे.

जागा वाढवून झाली की वाढ कुठे होतेय ते डीबी०२ मध्ये पाहा. ठरलेली नावं वर येतात: अ‍ॅप्लिकेशन लॉगचं बालडॅट, आयडॉकचं (सिस्टीममधून सिस्टीमकडे जाणारे संदेश) ईडीआयडी४, बदलांच्या नोंदींचं सीडीपॉस, टेबल लॉगिंगचं डीबीटॅबलॉग. अ‍ॅप्लिकेशन लॉग एसएलजी२ मधून साफ होतो, आयडॉक अर्काइव्ह करावे लागतात. ओळी पुसल्या तरी ओरॅकलमध्ये टेबलने व्यापलेली जागा तशीच राहते. रीऑर्ग केल्याशिवाय ती टेबलस्पेसला परत मिळत नाही. हानावर, म्हणजे एसएपीच्या स्वतःच्या डेटाबेसवर, वेगळीच मर्यादा आहे: पार्टिशन न केलेल्या, म्हणजे तुकड्यांत न विभागलेल्या, कॉलम टेबलमध्ये सुमारे २ अब्ज ओळीच मावतात. मोठी टेबलं तिथे पोचायच्या बरीच आधी पार्टिशन करावी लागतात.

लॉकची तक्रार आली तर आधी एसएम१२ चं कुलूप आहे की डेटाबेसचं ते ठरवा. एसएम१२ मधलं कुलूप ईआरपीचं स्वतःचं असतं, डेटाबेसला त्याची खबरही नसते. ते पुसण्याआधी तो युजर खरोखर बाहेर गेलाय का, आणि त्याचं अपडेट एसएम१३ मध्ये लटकलंय का, हे पाहा. डेडलॉक, म्हणजे ओआरए-०००६० किंवा एसक्यूएल सर्व्हरवर १२०५, यावर सर्व्हर वाढवून उपयोग नाही. दोन प्रोग्रॅम त्याच ओळी उलटसुलट क्रमाने बदलत असतात. अपडेटच्या आधी इंटर्नल टेबल प्रायमरी कीनुसार सॉर्ट करा. एका ओळीचा बदल आहे, पण बहुतेक डेडलॉक त्यानेच जातात.

‘इनव्हॅलिड कर्सर’चा डंप टेबलमुळे नसतो. सिलेक्ट–एंडसिलेक्टच्या आत कमिट केलं, किंवा आतून आरएफसी कॉल (दुसऱ्या सिस्टीमला हाक) झाला, की कर्सर, म्हणजे चालू वाचनाची खूण, बंद होतो. ओआरए-०१५५५ म्हणजे ‘स्नॅपशॉट टू ओल्ड’सुद्धा लांबत गेलेल्या वाचनाची एरर आहे, टेबल बिघडल्याची नव्हे. आणि ‘फॉर ऑल एंट्रीज’च्या (इंटर्नल टेबलमधल्या ओळींनुसार डेटा निवडणं) आधी इंटर्नल टेबल रिकामं नाही ना हे तपासलेलं नसेल, तर निवडीच्या सगळ्याच अटी गळून डेटाबेसमधलं अख्खं टेबल वाचलं जातं, मग मेमरीचा किंवा टाइमआउटचा डंप पडतो आणि दोष टेबलवर येतो.

खरं बिघडलेलं टेबल वेगळं दिसतं: ओआरए-०१५७८, किंवा एसक्यूएल सर्व्हरवर ८२३ आणि ८२४. इथे काही चालवण्याआधी शेवटचा चांगला बॅकअप कुठे आहे ते शोधा आणि तो नव्या बॅकअपखाली पुसला जाणार नाही याची सोय करा. बिघाड इंडेक्समध्ये असेल तर इंडेक्स पाडून बांधला की सुटतं. टेबलमध्ये असेल तर ओरॅकलवर आरमॅनने (ओरॅकलचं बॅकअपचं साधन) तेवढाच ब्लॉक बॅकअपवरून आणता येतो. एसक्यूएल सर्व्हरवर चेकडीबीचा (डेटाबेस तपासणारी आज्ञा) ‘रिपेअर अलाउ डेटा लॉस’ हा पर्याय नावाप्रमाणेच वागतो: पानं टाकून देतो. ईआरपीमध्ये एका टेबलचं पान गेलं तर त्याचे धागे वीस टेबलांत तुटतात, म्हणून रिस्टोअरच. ८२५ ही एरर मात्र लॉगमध्ये शोधत राहा. ती म्हणते ‘वाचन पुन्हा प्रयत्न करून जमलं’, कुणाला काही जाणवत नाही, आणि डिस्क जायला लागल्याची ती आगाऊ सूचना असू शकते.

तुमच्यासाठी कामाचा क्रम असा ठेवा. टेबलवर लिहिणारे जॉब आणि इंटरफेस बंद करा. सर्व क्लायंट धरून ओळी मोजा आणि लिहून ठेवा. क्यूसीएमने सुरू होणारं या नावाचं टेबल डेटाबेसमध्ये आहे का ते पाहा. असेल तर वर सांगितल्याप्रमाणे आधी अर्धवट कन्व्हर्जन पूर्ण करा. नसेल तर एसई१४, ‘सेव्ह डेटा’, बॅकग्राउंड. मग एसई११ च्या दोन्ही तपासण्या, ओळींची पुन्हा मोजणी, नंबर रेंजची दुरुस्ती, आणि एका युजरकडून एकच दस्त. तो एनआरआयव्हीच्या पुढच्या क्रमांकावर बसला की एसएम१३ मधल्या जुन्या नोंदी हाती घ्या, एकेक करून. जॉब सगळ्यात शेवटी सुरू करा.

डिलीट करून पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करण्याचा पर्याय डेव्हलपमेंटमधल्या रिकाम्या टेबलसाठी ठेवा. तिथेही सर्व क्लायंटमध्ये ते रिकामं आहे हे पाहूनच. एसई१६ फक्त तुमच्या क्लायंटच्या ओळी दाखवतं.